कोंड्याची भूक, भज्यांची भूक



"वजन कमी करा," असे डॉक्टर सांगतात, चिठ्ठी हातात देतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. बाहेर रांग मोठी असते. वजन कमी करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगायला त्यांना वेळ नसतो आणि विचारायला आपल्याला धीर होत नाही. मग माणूस घरी येऊन स्वतःच्या डोक्याने मार्ग काढतो. भात बंद, रात्रीचे जेवण बंद, सकाळी नुसता चहा. पहिले दोन दिवस उत्साहात जातात. तिसऱ्या दिवशी डोके दुखू लागते, चौथ्या दिवशी मुलांवर विनाकारण हात उगारला जातो आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी कामावरून परतताना नाक्यावरच्या गाडीवर उभ्या उभ्या तीन वडापाव पोटात जातात. घरी येऊन तोच माणूस म्हणतो, "आपल्यात निर्धारच नाही. आपल्याच्याने हे होणे नाही."

निर्धाराचा यात फारसा संबंध नसतो. भूक ही शरीराची बोली आहे आणि ती आपल्याला कोणी शिकवलेली नाही. ती बोली न समजता वजन उतरवायला निघालेला माणूस चार-आठ दिवसांत हरतो. ती समजली तर तोच माणूस पोटभर जेवून हळूहळू वजन उतरवू शकतो. म्हणून आज आहाराच्या तक्त्याआधी भुकेविषयी बोलू.

भुकेची भीती कोठून आली?

आपल्या घराघरांत भुकेचा इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी त्यांना अजून आठवते. त्या पिढीने मुलांना शिकवले की ताटात काही टाकू नये, मिळते तेव्हा पोटभर खाऊन घ्यावे, उद्याचे कोणी पाहिले आहे? त्या काळी ते शहाणपण होते. त्यावरच लेकरे जगली. आज मात्र पोट थोडे रिकामे वाटले तरी आपला जीव घाबरा होतो. नातू जरा बारीक दिसला की आजीला घोर लागतो. अंगावर मांस चढणे म्हणजे घरात सुबत्ता येणे, असे आपण समजत आलो.

यात आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्या पुण्यातच उजेडात आली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून आपल्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः लहान व हाडकुळी दिसतात, पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, असे त्यांना आढळले. २००४ साली त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

याचा आपल्यापुरता अर्थ असा की, गोऱ्या माणसाला जे वजन चालून जाते ते आपल्याला चालत नाही. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ५३ किलोच्या पुढे गेले की सावध व्हावे आणि ५८ किलोच्या पुढे गेले तर तो लठ्ठपणा समजावा. वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजा. पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर ही हद्द आहे. हातपाय काटकुळे पण पोट पुढे, अशी अनेक माणसे आपल्या वस्तीत दिसतात. साखरेचा आजार त्यांनाच आधी गाठतो.

भ्यायचे मात्र कारण नाही, कारण फार वजन उतरवावे लागत नाही. अमेरिकेत तीन हजारांवर माणसांचा एक मोठा अभ्यास झाला. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. वजन सुमारे सात टक्के कमी करायचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखे श्रम करायचे, एवढेच एका गटाला सांगितले होते. २००२ साली निकाल लागला. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. साठ किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे जेमतेम चार किलो.

पोटात कावळे का ओरडतात?

१९१२ साली अमेरिकेत वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याने आपले गुरू कॅनन यांच्या प्रयोगासाठी नळी लावलेला रबरी फुगा गिळला. जठर आवळले की फुगा दाबला जाई आणि त्याची नोंद बाहेर कागदावर उमटे. वॉशबर्नला भुकेची कळ येई ती नेमकी जठर आवळण्याच्या वेळी. भुकेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो अशा प्रयोगांतून.

आता आपल्याला पुष्कळ अधिक माहीत आहे. जठर आणि लहान आतडे रिकामे झाले की दर दीड-दोन तासांनी ते स्वतःला झाडून काढतात. उरलेसुरले कण, हवा, पाणी पुढे ढकलले जाते आणि गुडगुड आवाज येतो. आपण म्हणतो, पोटात कावळे ओरडू लागले. हे कावळे म्हणजे घर झाडण्याचा आवाज. झाडून झाले की ते आपोआप गप्प बसतात. प्रत्येक वेळी त्यांना घास टाकलाच पाहिजे असे नाही.

खरा निरोप रक्तातून जातो. जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक पाझरते आणि मेंदूला "खायला हवे" असे कळवते. ते जपानमधल्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधले. जेवणाआधी ते वाढते आणि जेवणानंतर उतरते. अंगातल्या चरबीतून लेप्टिन नावाचे दुसरे संप्रेरक निघते. त्याचा शोध न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली लागला. "घरात साठा आहे, काळजी नको" असा निरोप ते मेंदूला देते. आणि अन्न आतड्यात उतरले की तेथून "पुरे" असा तिसरा निरोप निघतो. तो पुरता पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. आपले जेवण मात्र सात मिनिटांत उरकलेले असते. "पुरे" हा निरोप पोहोचेपर्यंत दोन चपात्या जास्त गेलेल्या असतात.

उपाशी राहिले की काय होते?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात होरपळलेल्या उपाशी लोकांना पुन्हा कसे सावरावे, हे त्यांना समजून घ्यायचे होते. तरुण आपखुशीने आले होते. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले. पण ती शहाणीसुरती माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. कोणी पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, कोणी ताटे चाटू लागले. चिडचिड आणि उदासी वाढली. पुढे पोटभर अन्न मिळू लागले तेव्हाही कित्येकांची भूक भागेना. पोट तुडुंब भरले तरी मन म्हणे, आणखी हवे.

२०११ साली मेलबर्नचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नास जाड माणसांना दहा आठवडे अगदी कमी अन्नावर ठेवले होते. वजन भराभर उतरले. पण वर्ष उलटल्यावरही भुकेची संप्रेरके पूर्वपदावर आली नव्हती. वजन पुन्हा चढू लागले होते आणि भूक पहिल्यापेक्षा जास्तच लागत होती.

शरीराला डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नाही. अन्न एकदम तुटले की त्याला वाटते, दुष्काळ पडला. आणि दुष्काळात आपल्या आजीने जे केले तेच ते करते. मिळेल ते साठवून ठेवते आणि आणखी मागते. म्हणून पाचव्या दिवशी वडापावच्या गाडीवर उभ्या राहिलेल्या माणसाला दोष देऊ नका. त्याने चार दिवस स्वतःच्या शरीरात दुष्काळ पाडला होता. महिन्याला एक ते दोन किलो उतरले तर ते भरपूर समजावे.

भूक कोणती, हे कसे ओळखावे?

आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खरी भूक लागली तर कोंडाही गोड लागतो आणि खरी झोप आली तर दगडही उशी होतो. वजन उतरवणाऱ्यासाठी याहून सोपी कसोटी नाही. काही खावेसे वाटले की स्वतःला एकच प्रश्न विचारा. "आता समोर शिळी भाकरी आणि लसणाची चटणी आली तर मी खाईन का?" उत्तर "हो" आले तर ती कोंड्याची भूक. तिला अन्न द्या. उत्तर "नको, भजी असती तर खाल्ली असती" असे आले, तर ती भज्यांची भूक, म्हणजे जिभेची.

तिसरी भूक घड्याळाची. रोज एक वाजता जेवणाऱ्याला एकलाच भूक लागते, कारण घ्रेलिनलाही सवय लागलेली असते. पौर्णिमेला अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांना याचा अनुभव आहे. रात्री आठच्या सुमारास भूक उसळते आणि काही न खाताही तास-दीड तासात ओसरते. भूक सारखी चढतच जाते असे आपल्याला वाटते. ती लाटेसारखी येते आणि जाते.

चौथी भूक मनाची. कामावर मुकादमाने अपमान केला, घरभाड्याचे पैसे जमले नाहीत, मुलगा नापास झाला किंवा नुसताच कंटाळा आला, की हात डब्याकडे जातो. गोड किंवा तळलेले खाल्ले की घटकाभर बरे वाटते, हे खोटे नाही. पण ही भूक एकाएकी येते, तिला ठराविक पदार्थच लागतो आणि पोट भरल्यावरही ती थांबत नाही. कोंड्याची भूक हळूहळू चढते आणि काहीही खाल्ले तरी शमते. मनाच्या भुकेला शेजारणीशी दोन शब्द बोलणे, गल्लीतून एक फेरी मारणे, अंग धुणे हे भजीपेक्षा बरे औषध.

पाचवी भूक मारून टाकलेली. आपल्या बऱ्याच माता-भगिनी पहाटे उठतात, मिश्री लावतात, बिनदुधाचा गोड चहा घेतात आणि दुपारी दोनपर्यंत तशाच राबतात. "मला भूकच लागत नाही," असे त्या सांगतात. तंबाखूने भूक मरते. चहातल्या साखरेने ती घटकाभर फसते. मग दुपारी ती दुप्पट होऊन उठते आणि ताटावर बसले की माप राहात नाही. बाई दिवसातून एकदाच जेवते तरी जाड का, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते. मिश्री, गुटखा, विडी यांनी भूक मारून उतरवलेले वजन हे तोंडाच्या कर्करोगाला दिलेले आमंत्रण आहे. ते वजन उतरवणे नव्हे.

चार आणे, बारा आणे, रुपया

भूक मोजायची कशी? आपल्या जुन्या हिशेबाने मोजा. अजिबात भूक नाही म्हणजे शून्य. जरा चाहूल लागली म्हणजे चार आणे. आता काही मिळाले तर बरे, म्हणजे आठ आणे. पोट साफ रिकामे वाटते, कोंडाही चालेल, म्हणजे बारा आणे. हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणजे रुपया.

बारा आणे भूक लागली की जेवायला बसावे. रुपयापर्यंत थांबू नये, कारण तेथे माप राहात नाही. आणि जेवतानाही पोट बारा आणे भरले की हात थांबवावा. उरलेले चार आणे वीस मिनिटांत आपोआप भरतात. वीस मिनिटांनंतरही कोंड्याची भूक असेल तर खुशाल अर्धी भाकरी आणखी घ्या. तीत काही पाप नाही.

ही रीत जुनीच आहे. संयुत्त निकायात कोसल देशाच्या पसेनदी राजाची गोष्ट येते. हा राजा द्रोणभर तांदळाचा भात खाई. द्रोण हे त्या काळचे धान्य मोजण्याचे मोठे माप. एकदा असाच जेवून तो धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. जो जागेपणाने जेवतो आणि आपले माप ओळखतो त्याचे दुखणे हलके होते आणि त्याला म्हातारपण सावकाश गाठते, अशा अर्थाची गाथा भगवंतांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की म्हणायला सांगितली. त्यासाठी रोज शंभर कहापण देऊ केले. पुढे राजा नाळीभर भातावर आला, अंगाने हलका झाला आणि आपल्याच अंगावरून हात फिरवून त्याने आनंद व्यक्त केला. अट्ठकथेत असेही येते की, राजा शेवटच्या घासाशी आला की गाथा म्हटली जाई, तो घास राजा बाजूला ठेवी आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवले जात.

डॉक्टरांनी शिकण्यासारखी ही गोष्ट आहे. राजाला कोणी उपाशी ठेवले नाही. त्याचा भातही बंद केला नाही. माप घासाघासाने उतरवले आणि जेवताना आठवण करून द्यायला एक माणूस बसवला. आपल्याला शंभर कहापण द्यायला नकोत. घरातली शाळकरी पोर हे काम फुकट करील.

काय खाल्ले तर पोट लवकर भरते?

सगळे अन्न सारखी तृप्ती देत नाही. १९९५ साली सिडनीत ३८ पदार्थांची तुलना झाली. प्रत्येक पदार्थाचा उष्मांक सारखा ठेवून दोन तास भूक कशी राहते ते पाहिले. सर्वांत जास्त पोट भरले ते उकडलेल्या बटाट्याने आणि सर्वांत कमी लोणीदार बेकरी पदार्थाने. २०१९ साली अमेरिकेत वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखे साधे अन्न दिले. हवे तेवढे खा, असे सांगितले होते. पाकीटबंद अन्नावर असताना माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. भूक तीच, माणसे तीच. अन्न बदलले की "पुरे" हा निरोप उशिरा येतो.

आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ असा. चावून खावे लागते आणि ज्यात प्रथिने आहेत ते अन्न पोट धरून ठेवते. मटकीची उसळ, हरभरे, वरण, पिठले, उकडलेले अंडे, सुकट, बोंबील, सोयाबीनच्या वड्या, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, कांदा-काकडी. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. सुकट-बोंबिलात मीठ फार, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ते दोन पाण्यांतून धुऊन घ्यावेत. भात सोडायची गरज नाही. आधी उसळ आणि भाजी खावी, भात शेवटी घ्यावा. म्हणजे भाताचे माप आपोआप उतरते.

उलट खारी, टोस्ट, बिस्किटे, फरसाण, वेफर्स यांनी जीभ जागी होते आणि पोट भरत नाही. चहाचा हिशेब तर करून पाहाच. कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक. जवळपास एका भाकरीइतके, आणि पोटाला त्याचा पत्ताही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. म्हणून चहा दोन कपांवर आणा आणि साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. पसेनदीच्या तांदळासारखी.

कामावर जाणाऱ्यांनी सकाळी काहीतरी भरीव खाऊन निघावे. भाकरी-उसळीचा डबा आणि खिशात मूठभर फुटाणे ठेवावेत. संध्याकाळी नाक्यावरची गाडी दिसायच्या आधी ते फुटाणे तोंडात जाऊ द्यावेत. रिकाम्या पोटी त्या गाडीसमोरून जाणे ही साधी परीक्षा नव्हे.

निजेला धोंडा

म्हणीचा दुसरा अर्धा भागही इथे उपयोगी पडतो. २००४ साली शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले आणि दुसऱ्या खेपेला दहा-दहा तास. कमी झोपेनंतर घ्रेलिन २८ टक्के वाढले, लेप्टिन १८ टक्के घटले आणि भूकही वाढली. विशेषतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. रात्रपाळी करणारे, पहाटे पाण्याच्या नळावर उभ्या राहणाऱ्या बाया, रात्री बारापर्यंत मोबाइल पाहणारी तरुण मंडळी, सर्वांची भूक अशीच बिघडते. पाणी भरायला चारला उठणे टळत नसेल, पण रात्रीची मालिका आणि मोबाइल टळतो. झोप अपुरी झालेल्या दिवशी येणारी भूक निम्मी थकव्याची आहे, हे जाणून असावे.

ही भूक थांबवू नका

काही भुकेपुढे कसोटी लावत बसायचे नसते. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला एकदम भूक लागली, घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे अडखळू लागले, तर रक्तातली साखर घसरली असे समजा. ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्या. मग जेवू घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये आणि उपोसथही करू नये. जेवण उतरवले की गोळीचे मापही उतरवावे लागते.

भूक फार लागते, तहानही फार लागते आणि तरी वजन घटते आहे, तर रक्त तपासा. तो मधुमेह किंवा थायरॉईड असू शकतो. काही न करता वजन उतरले, दोन-तीन आठवडे भूक मेली, संध्याकाळी कणकण आणि खोकला आहे, तर क्षयाची तपासणी करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने व वाढत्या वयाच्या मुलांनी वजन उतरवण्याच्या नादी लागू नये.

वजन उतरवणारी इंजेक्शने २०२५ पासून आपल्या देशातही बाजारात आली आहेत. आतड्यातून निघणाऱ्या "पुरे" या निरोपाची ती नक्कल करतात, म्हणून भूक कमी लागते. काही रुग्णांना ती खरोखर उपयोगी आहेत. पण ती बंद केली की भूक परत येते आणि बरेचसे वजनही परत येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. ओळखीच्या जिममधून किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीवरून ती घेऊ नयेत.

आणि खऱ्या भुकेविषयी एक गोष्ट. आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो शोधून, उपाशीपोटी, दमून तो उपदेश ऐकायला आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच उपदेश केला. वजन उतरवणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. कोंड्याच्या भुकेशी भांडू नये.

घरातल्या माणसांसाठी

आपल्या घरात बाई शेवटी जेवते. सर्वांचे झाल्यावर पातेल्यात उरलेला भात, पोराने टाकलेली अर्धी चपाती, तळाचे कालवण, सगळे तिच्या पोटात जाते. टाकवत नाही, कारण तिला दुष्काळ ऐकून तरी माहीत असतो. एखाद्या दिवशी काहीच उरत नाही, तेव्हा ती चहा-बटर खाऊन निजते. एक दिवस रुपया भूक आणि एक दिवस सव्वा रुपया पोट. अशा बाईला भुकेची बोली कशी कळावी? तिच्या वजनाबद्दल टोमणे मारण्यापेक्षा तिला सर्वांबरोबर ताटावर बसवा आणि तिचा वाटा आधी काढून ठेवा. उरलेल्या अन्नाची सोय घराने मिळून करावी. भाताचा फोडणीचा भात, चपातीचा कुस्करा. तिचे पोट म्हणजे उरलेले अन्न ठेवायचे भांडे नव्हे.

मुलांनाही "ताट पुसून काढ, नाहीतर मार खाशील" असे दटावू नका. आधीच थोडे वाढा, हवे असेल तर पुन्हा वाढा. मग ताटात टाकण्याचा प्रश्नच येत नाही आणि लेकराला आपल्या पोटाचे "पुरे" ऐकण्याची सवय लहानपणीच लागते.

या आठवड्यात एवढेच करा. मुलांच्या जुन्या वहीची कोरी पाने घ्या. आठ दिवस, प्रत्येक खाण्याआधी, भूक किती आणे होती आणि ती कोंड्याची होती की भज्यांची, एवढे दोनच शब्द लिहा. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्या. जेवण कमी करू नका, काही बंदही करू नका. आठ दिवसांनी वही उघडून पाहा. भज्यांची भूक दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या कारणाने येते, हे तुमच्या तुम्हालाच दिसेल. पहिला घास तेथून कमी करायचा.

पुढील अंकी शाळेतल्या मुलांच्या डब्याविषयी.